पांढऱ्या पट्ट्याचा वाफा

“हा वाफा मी ओळखतो. रविवारी सकाळी तिथे येतोय. हिंमत असेल तर ये.”

माळीकाकांनी फोन खिशात टाकला, पुन्हा काढला, पुन्हा वाचला. तोवर पाइपाचं पाणी त्यांच्याच बुटात भरलं. इंटरनेटवरच्या वादांत ते खोट्या नावाने लिहीत, पण फोटो लावला होता स्वतःच्या हातच्या वाफ्याचा. लाल फुलांतून तिरका जाणारा पांढरा पट्टा दुसरं कुणी लावत नसे. ती हौसच आता अंगाशी आली होती.

लिहीत तरी काय होते मोठं? बायकोचं शिलाई मशीन दारासमोरून पालिकेच्या गाडीने उचलून नेलं, परवाना नाही म्हणून. ते परत मिळालंच नाही. तेव्हापासून काकांचं एकच म्हणणं, की कुणाला त्रास न देता पोट भरणाऱ्याला सरकारने त्याचं काम करू द्यावं. असं म्हणणाऱ्याला लिबर्टेरियन म्हणतात, हे त्यांना तिथेच कळलं. लिबर्टेरियन म्हणजे बापाच्या पैशावर माजलेला, गरीब मेला तरी बेहत्तर म्हणणारा, बागासुद्धा विकायला काढणारा, हेही तिथेच कळलं.

बाग पालिकेची होती, पगार पालिकेचा, राहायची खोलीही पालिकेचीच. साहेबांच्या कानावर गेलं तर सगळंच जाणार होतं.

“अहो, मशीन गेलं ते गेलं,” बायको म्हणाली. “आता घर नका घालवू.”

शनिवारी ते पांढरी रोपं उपटायला बसले. रोपं ऐन बहरात होती. हात काही धजला नाही.

रविवारी दोघं आले, एक चष्मेवाला आणि त्याची मैत्रीण. काका पाठ करून तण काढत राहिले. तण केव्हाच संपलं होतं, तरी ते माती उकरत होते. पावलं मागे येऊन थांबली.

“काका, इथे कुणी सुटाबुटातला येतो का हो, फोटो काढायला?” चष्मेवाल्याने विचारलं. “कुणा बड्याचा पोरगा असणार.”

जिभेवर “मीच” हा एकच शब्द आला होता. काकांनी तो गिळला.

“नाही. असा कुणी येत नाही इकडे.”

“तुमची नोकरी खायला टपलेत असले लोक,” मैत्रीण म्हणाली. “तुमच्यासाठीच भांडतो आम्ही.”

ती मनापासून बोलत होती, म्हणून काकांना जास्तच मेल्यासारखं झालं. तिने वाफ्याजवळ दोघांचा फोटो काढायला सांगितलं. काकांनी मातीचे हात पँटला पुसले, जरा मागे सरा, रोपं चेंगरतील म्हणाले, आणि फोटो काढला.

दुपारी तो सगळीकडे पसरला. खाली लिहिलं होतं, “वाट पाहिली. भित्रा आलाच नाही.” लोक हसत होते. काकांनी “आलो होतो” असं टाइप केलं आणि पुसून टाकलं.

“ओळखलं का कुणी?” बायकोने विचारलं.

“नाही.”

“सुटलो बाई.”

मग काकांना दिसलं, फोटोत पांढऱ्या पट्ट्यावर एक सावली पडली होती, त्यांचीच, डोक्यावरच्या टोपीसकट. ही कुणाची, असं कुणी विचारलंय का, म्हणून त्यांनी एकेक शेरा घाबरत वाचून काढला. कुणीच विचारलं नव्हतं.

संध्याकाळ झाली तरी ते वाचतच होते. आता भीती उरली नव्हती. तरीही कुणी विचारतंय का, ते पाहत होते.