गिरिजाच्या हातावरचं घड्याळ

चाँदपाशाची मोटारसायकल मागून आली आणि पुढं न जाता मल्लिकार्जुनच्या पावलांबरोबर हळूहळू चालू लागली. मल्लिकार्जुननं मान वळवली नाही. नुसता हात वर केला. थोडंच उरलंय, थांब, असा तो हात होता.

रविवारची लांब पळायची सकाळ होती. उमरग्याच्या बाहेर, हायवे सोडून आत जाणारा रस्ता रिकामा असायचा. मनगटावरचं घड्याळ छातीचे ठोके दाखवत होतं. ठोके एकशे तीसच्या वर गेले की ते थरथरायचं, आणि मग वेग कमी करायचा. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरायचं तर आधी महिनोन्‌महिने हळू पळायचं, असं शिकवणाऱ्यानं सांगितलं होतं. सोबतच्याशी बोलता आलं पाहिजे इतकं हळू. पण थांबायचं नाही. थांबलं की ठोके खाली येतात आणि सगळी घडी मोडते.

चाँदपाशा पळायचा नाही. हायवेवर त्याचं टायरचं दुकान होतं, मल्लिकार्जुनच्या स्पेअर पार्टच्या दुकानाला लागून. एरवी तो असा रस्त्यात भेटला की म्हणायचा, "मल्लूभाऊ, आत्ताच एक बैलगाडी गेली की तुमच्या पुढनं." आज तो काहीच बोलत नव्हता.

"मल्लूभाऊ, थांबा."

"बोल की. पळता पळता बोलता येतंय मला."

"थांबा म्हणतो ना. गाडीवर बसा. घरी चला."

"काय झालं?"

चाँदपाशानं ब्रेक दाबला आणि दोन्ही पाय रस्त्यावर टेकवले. "वहिनी गेल्या," तो म्हणाला. "नळावर चक्कर येऊन पडल्या. दवाखान्यात नेलं, पण आधीच गेल्या होत्या म्हणं. तुमाला किती फोन केले. फोन घरातच वाजत होता."

मल्लिकार्जुन थांबला. त्याचा उजवा हात डाव्या मनगटाकडे गेला आणि त्यानं घड्याळाचं बटण दाबलं. घड्याळ एकदा थरथरलं. पळणं थांबल्याची नोंद झाली.

चाँदपाशानं ते पाहिलं. मग तो रस्त्याकडेच्या तुरीकडे बघू लागला. तूर फुलावर आली होती.

गाडीवर मागं बसून घरी येईपर्यंत मल्लिकार्जुननं डाव्या मनगटावर उजवा तळवा दाबून धरला होता. सवयीनं दाबलं, तो मनात म्हणत होता. सवयीनं दाबलं.

घरी गिरिजाला भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळाला विभूती, अंगावर हिरवी साडी, आणि दोन्ही हातांत मनगटापासून वर हिरवा चुडा. बायका तिची ओटी भरत होत्या. सवाष्ण गेली, भाग्याची बाई, असं कुणीतरी म्हणालं, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. मल्लिकार्जुन पळायच्या कपड्यांतच कोपऱ्यात बसला होता. अर्धी चड्डी आणि नारिंगी बनियन. कुणीतरी त्याच्या अंगावर टॉवेल टाकला. ते कुणी केलं हे त्यानं वर बघून पाहिलं नाही.

दुपारपर्यंत हर्षाली सोलापूरहून आली. त्याची एकुलती मुलगी. तिथं एका कंपनीत नोकरीला होती. संध्याकाळी माती झाली. सगळे परतल्यावर गिरिजाची थोरली बहीण इरम्मा त्याच्यासमोर येऊन बसली. ती आळंदहून आली होती, कर्नाटकातून, आणि रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"दाजी," ती म्हणाली, "काही सांगत नव्हती का हो ती तुमाला? छातीत दुखतंय, दम लागतोय, असं काही?"

खोलीतल्या बाकीच्या बायकांनीही इकडे कान दिला. हर्षाली आईच्या उशीशेजारी बसली होती. तिनं मान वर केली.

"नाही अक्का," मल्लिकार्जुन म्हणाला. "काहीच नाही."

"कसं बाई. सांगितल्याशिवाय कशी गेली. मला तर साधा काटा मोडला तरी फोन करायची, माझे अव्वा." आणि इरम्मा पुन्हा रडायला लागली. हर्षालीनं मान खाली घातली.

गिरिजानं सांगितलं होतं.

आठवडाही झाला नव्हता त्याला. ती कडक भाकरी करत होती. पातळ भाकरी तव्यावरनं काढायची, चुलीशी उभी करून कडक शेकायची आणि चळत लावायची. महिनाभराच्या भाकरी एकदम करायची तिची पद्धत होती. मधेच ती उंबऱ्यावर येऊन बसली. मल्लिकार्जुन बुटाच्या नाड्या सैल करत होता.

"अहो, उगंच छातीत धडधडतंय. कालपण झालं."

"आगीपुढं बसलीस की तासन्‌तास."

"तसं न्हाय." मग ती हसली. "रोज स्वतःचं काळीज मोजता. एकदा माझं मोजा की. का तुमच्या घड्याळाला बायकांचं कळत न्हाय?"

त्यानं घड्याळ काढलं. बांगड्या आड येत होत्या. काढ म्हटलं तर ती काढणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. हात मोकळा ठेवायचा नाही, क्षणभरसुद्धा. तिनं बांगड्या कोपराकडे सरकवून धरल्या आणि त्यानं खाली मनगटावर पट्टा आवळला. तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं. ते त्यानं अंगठ्यानं पुसलं.

घड्याळावर जो आकडा आला, तो त्याला स्वतःच्या मनगटावर कधीतरीच दिसायचा. तुळजापूरचा घाट चढून पळताना एकदा दिसला होता. आणि ती तर बसलेली होती. त्यानं पट्टा काढून पुन्हा बांधला. आकडा तेवढाच राहिला. मधेच एकदा एकदम खाली गेला आणि पुन्हा वर आला.

"काय म्हणतंय?" तिनं विचारलं.

दुकानात रोज एखादा ड्रायव्हर यायचा. शेठ, टेम्परेचरचा काटा वर चढतोय. मल्लिकार्जुन हातातलं काम न सोडता म्हणायचा, काटा खराब असंल, इंजिन ठीक हाय, सेन्सर बदल. दहांतल्या नऊ वेळा ते खरं निघायचं. त्या एका वाक्यावर त्याचं दुकान इतकी वर्षं चाललं होतं.

"बांगड्यांमुळं येत असंल," तो म्हणाला. "काटा खराब हाय. इंजिन ठीक हाय तुझं."

गिरिजा मोठ्यानं हसली. "बघा हं. गॅरंटी देताय का?"

"देतो की."

"मग काही न्हाय ना?"

"काही न्हाय."

ती उठून पुन्हा चुलीपुढं गेली. मल्लिकार्जुननं घड्याळ स्वतःच्या हातावर चढवलं. क्षणभरात त्याचा नेहमीचा आकडा आला. बसलेल्या माणसाचा, निवांत, बरोबर. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. रविवारी शर्यतीआधीचं शेवटचं लांब पळणं होतं. शर्यत झाली की दाखवू तिला डॉक्टरला, असं त्यानं ठरवलं. म्हणजे दाखवायला हवं, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. हे तो कुणाला सांगणार होता?

शिवगणाराधनेचं जेवण झालं आणि पाहुणे गेले. चाँदपाशानंच एक दिवस येऊन दुकानाचं शटर वर केलं आणि त्याला आत बसवलं. पहिलंच गिऱ्हाईक हैदराबादकडचा ट्रक. ड्रायव्हर ओळखीचा होता.

"शेठ, काटा वर चाललाय बघा. तो सेन्सर देऊन टाका एक."

मल्लिकार्जुन उठला. "गाडी बंद कर आधी."

"बंद कशाला? सेन्सर द्या, मी लावतो की."

"बंद कर म्हणतो ना. पाणी बघ, पंप बघ. मिस्त्रीला दाखव. त्याशिवाय मी काही देणार न्हाय."

"आवं, मागल्या खेपेला तुमीच म्हणला, काटाच खराब असतो म्हणून!" ड्रायव्हरनं चाँदपाशाकडे बघून डोळा मिचकावला. "शेठला धंदा करायचाय का न्हाय?"

चाँदपाशा हसायला लागला आणि मल्लिकार्जुनचं तोंड बघून मधेच थांबला. ड्रायव्हर कुरकुरत पुढच्या दुकानात गेला. तिथं त्याला सेन्सर मिळाला. थोड्या वेळानं ट्रक समोरून निघून गेला. मल्लिकार्जुन रस्त्याच्या कडेपर्यंत गेला आणि ट्रक दिसेनासा होईपर्यंत उभा राहिला.

हर्षाली जायच्या आदल्या दुपारी स्वयंपाकघरात भाकरीचा डबा उघडून बसली होती. गिरिजानं केलेल्या कडक भाकरी अजून तशाच होत्या. हर्षाली त्यांच्या दोन चळती लावत होती, एक स्वतःला न्यायला, एक त्याला ठेवायला. एक इकडे, एक तिकडे. मल्लिकार्जुन चहाचा कप घेऊन दारात बसला होता.

"अप्पा, एक बोलू?"

"बोल की."

"मावशीनं विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. आई काही बोलली नव्हती म्हणालात."

कप त्याच्या ओठांपाशी थांबला.

"मला माहीत होतं," हर्षाली म्हणाली. ती भाकरीकडेच बघत होती. "आईनं मला फोन केला होता. धडधडतंय म्हणाली. मी म्हटलं, रविवारी सोलापूरला ये, डॉक्टरांना दाखवू, मी नंबर लावते. हो म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी तिचाच फोन. राहू दे गं, म्हणाली, तुझ्या अप्पांनी घड्याळ लावून बघितलं, सगळं ठीक हाय. हसत होती नुसती. तुझ्या अप्पांनी गॅरंटी दिलीय, म्हणाली."

मल्लिकार्जुननं कप खाली ठेवला. तो नीट टेकला नाही. चहा बशीत सांडला.

"आणि मी पण ऐकलं. घड्याळात ठीक आलंय तर ठीकच असणार, म्हटलं. मीच आणलं होतं ना ते. तुमच्या वाढदिवसाला. दुकानातला माणूस म्हणाला होता, एकदम अचूक दाखवतं." तिनं हातातली भाकरी चळतीवर ठेवली. "मी ते आणलं नसतं तर तुम्ही तिला सरळ दवाखान्यातच नेलं असतं, अप्पा. मी आणलेल्या घड्याळानं चुकीचं दाखवलं."

"हर्षा..."

"थांबा, बोलू द्या मला. तुम्ही मावशीला खरं सांगितलं असतं तर घड्याळाचं निघालं असतं. कुणी आणलं, ते निघालं असतं. सगळ्यांसमोर. माझ्यावर येऊ नये म्हणून तुम्ही नाही म्हणालात." तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. "मला तेव्हाच कळलं होतं."

बशीतला चहा फरशीवर ओघळला होता आणि तो पुसायला मल्लिकार्जुननं खांद्यावरचा टॉवेल ओढला. खाली वाकून तो फरशी पुसू लागला. पुसून झाली तरी पुसत राहिला.

हर्षालीला ते उत्तर वाटलं असावं. तिनं आपल्या चळतीतल्या दोन भाकरी उचलल्या आणि त्याच्या चळतीवर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी तो तिला स्टँडवर सोडायला गेला. सोलापूरची गाडी लागलेली होती. तिनं खिडकीची जागा धरली आणि पर्स मांडीवर घेतली. तो खाली खिडकीशी उभा राहिला.

"घड्याळ मी घेतलंय, अप्पा," ती म्हणाली. "टीव्हीजवळ पडलं होतं ते. तुमच्या डोळ्यांसमोर नको. त्या दुकानदाराला जाऊन विचारणार आहे मी, काय विकतोस म्हणून."

"विचारून काय होणार, पोरी."

"काही होऊ दे नाहीतर नको. विचारते तर खरं." मग ती थोडी वाकली. "तुम्ही पळणं सोडू नका. शुगर वाढेल. आई असती तर ओरडली असती."

"बघतो."

"बघतो नाही. जायचं."

कंडक्टरनं दार ओढून घेतलं. गाडी मागं सरकली, वळली. हर्षालीनं हात हलवला. मल्लिकार्जुनही गाडीबरोबर दोन पावलं चालला, काहीतरी बोलायचं राहिलेल्या माणसासारखा. हर्षालीनं कानाला हात लावून खूण केली, फोनवर बोलू.

फोन रोज संध्याकाळी येतो. जेवलात का, ती विचारते. गोळी घेतलीत का, चाँदपाशाकाका आले होते का. तो सगळ्याची उत्तरं देतो. एकदा ती म्हणाली, मला झोप लागत नाही अप्पा, सारखं ते घड्याळच डोळ्यांसमोर येतं. तो म्हणाला, दूध पिऊन झोपत जा.

घड्याळानं त्या दिवशी बरोबर दाखवलं होतं, हे तिला सांगायचं राहिलं आहे.