न पुसलेले व्हायोलिन

होबर्ट कटलिपला विषवेल लागत नसे. ही गोष्ट तो आयुष्यभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आला होता, आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षापर्यंत ती खरी होती, हे त्याच्या बायकोलाही मान्य करावे लागे.

ओढ्याकाठी, कुंपणावर, जुन्या ओकच्या खोडावर, जिथे म्हणून माणसाला हात घालावा लागतो तिथे ही वेल असतेच. पाने तीन-तीन. म्हाताऱ्या वेलीचे खोड मनगटाएवढे जाड होते आणि त्याला तपकिरी केस फुटतात. तिच्या चिकात जे तेल असते ते बिब्ब्याच्या तेलाचे सख्खे भावंड. बिब्बा उततो तशीच ही वेल अंगावर उतते. होबर्टचे वडील आर्डन दर वसंतात मुलांना तिचे एक कोवळे पान पावाच्या तुकड्यात गुंडाळून खायला लावत. त्यामुळे वर्षभर ती बाधत नाही, असे त्यांचे म्हणणे.

त्याच्या बायकोने, नेड्राने, एकतीस वर्षे तालुक्याच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवले होते. पान खाऊन कोणी सुरक्षित होत नाही, तोंड आणि आतडी मात्र सोलून निघू शकतात. काही माणसांना ती वेल मुळातच लागत नाही आणि ही सवलत कोणत्याही दिवशी, पूर्वसूचना न देता, रद्द होऊ शकते, हे तिने लग्नानंतर बेचाळीस वर्षे सांगितले.

"अख्खा पुरावा तुझ्यासमोर बसून जेवतोय," होबर्ट म्हणे.

"एकच नमुना," नेड्रा म्हणे, आणि मक्याचा पाव त्याच्याकडे सरकवी.

मेच्या दुसऱ्या शनिवारी टेकडीवरची कटलिपांची दफनभूमी साफ करायची आणि शेवटच्या रविवारी थडग्यांवर फुले वाहायची, असा त्या घराण्याचा शिरस्ता. त्या शनिवारी आर्डनच्या थडग्याशेजारच्या ओकवर एक केसाळ वेल पार दुसऱ्या फांदीपर्यंत चढलेली निघाली. चुलतभाऊ लॉनी दहा पावले मागे सरला. होबर्टने हातमोजे काढून ठेवले, बाह्या दुमडल्या, वेल करवतीने कापली आणि खांद्यावर घेऊन उतारावर टाकून आला.

मग नेहमीप्रमाणे त्याने व्हायोलिन काढले. साफसफाई संपली की खाली झऱ्यावर हात धुवायला जाण्याआधी एक गत वाजवायची, हा आर्डनने घातलेला नियम होता. काम केलेल्या हातांनीच वाजवायचे. धुतलेल्या हातांचे वाजवणे चर्चमध्ये ठीक. नेड्रा तिथेच उभी होती. तिनेही ते ऐकले. हा तपशील पुढे तिला बरेच दिवस टोचत राहिला.

घरी पोचताच तिने रबरी हातमोजे चढवून सगळे धुतले. कपडे दोनदा गरम पाण्यातून काढले. करवतीची मूठ, ट्रकचे चाक, दाराची कडी, होबर्टच्या बुटांच्या नाड्या पुसल्या. कुत्र्याला भांड्यांच्या साबणाने आंघोळ घातली, मग होबर्टला. पण ते तेल पंधरा-वीस मिनिटांत कातडीत मुरते आणि तोवर तीन तास उलटून गेले होते.

सोमवारी त्याच्या दंडावर लाल रेघा उठल्या. मंगळवारी चेहरा सुजला, डावा डोळा मिटला, बोटे फुगून वळेनाशी झाली. मनगटांच्या वरपासून कोपरांपर्यंत फोड असे दाटले की त्यांच्यामध्ये निरोगी कातडी शोधावी लागे. होबर्टने आधी कोळ्यांच्या चाव्यांना दोष दिला, मग नव्या साबणाला. बुधवारी तो गप्प झाला आणि नेड्राने ट्रक काढला.

हमरस्त्यावरच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने सहा दिवसांच्या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. पहिल्या दिवशी सहा, दुसऱ्या दिवशी पाच, असे उतरत एकावर संपवायचे. घरी नेड्राने गार पाण्याच्या घड्या ठेवल्या, ओटचे पीठ घातलेल्या पाण्यात त्याला बसवले, गुलाबी कॅलामाइन फासले. लॉनीची बायको ओढ्याकाठच्या एका झाडाचा रस बाटलीत घालून घेऊन आली. नेड्राने तो फ्रिजमध्ये ठेवला. गार होता, तेवढा उपयोग झाला. तिसऱ्या दिवसापासून सूज उतरली. पाचव्या दिवशी बोटे वळली आणि होबर्टने व्हायोलिन हातात घेतले, कारण फुले वाहायचा रविवार जवळ येत होता.

त्या रविवारी, फुले वाहून झाल्यावर, कटलिपांपैकी कोणीतरी वाजवायचे. एकोणीसशे अडतीसपासून एकही वर्ष चुकलेले नव्हते. एका वर्षी आर्डनने मोडलेल्या बरगडीनिशी वाजवले होते. होबर्टनंतर घराण्यात गज धरणारे कोणी नव्हते. लॉनीने फोन करून सांगितले की काळजी नको, त्याच्याकडे चांगला स्पीकर आहे. होबर्टने फोन ठेवला.

"स्पीकर," तो म्हणाला. "बाबांच्या डोक्यावर स्पीकर."

गोळ्या संपल्या आणि तिसऱ्या दिवशी पुरळ परत आले.

या वेळी नेड्राने त्याला गावच्या दवाखान्यात टॅम्सिन रिफलकडे नेले. टॅम्सिन नर्स होती, पण औषधे लिहून देण्याचे शिक्षण घेतलेली. त्याआधी ती नेड्राच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसत असे. तिने होबर्टला सदरा काढायला लावले आणि सहा दिवसांच्या गोळ्यांचे पाकीट पाहून मान हलवली.

इतक्या जोराच्या पुरळाला सहा दिवस पुरत नाहीत, असे तिने समजावले. गोळ्या लवकर थांबल्या की आग पुन्हा भडकते. त्या दोन-तीन आठवडे हळूहळू कमी करत न्याव्या लागतात. साखर तपासू, झोप उडेल, भूक वाढेल, माणूस थोडा चिडखोर होईल.

"थोडा?" नेड्राने विचारले.

"बाई, मी पुस्तकातलं सांगतेय."

लॉनी म्हणतो फोडांतल्या पाण्याने पसरतं, असे होबर्टने मध्येच सांगितले. टॅम्सिन म्हणाली की पसरत नाही. त्या पाण्यात वेलीचे तेल नसते. तेल जिथे लागले तिथेच पुरळ उठते, कुठे आज, कुठे चार दिवसांनी, म्हणून माणसाला ते पसरल्यासारखे वाटते.

नेड्रा तोवर नवऱ्याच्या अंगाकडे पाहत होती. दंड सुकत आले होते. चेहऱ्यावर फक्त गुलाबी छटा उरली होती. फोड होते ते डाव्या गळपट्टीच्या हाडावर, चार बोटे लांबीच्या पट्ट्यात. डाव्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या बेचक्यात. डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूस. आणि उजव्या अंगठ्याच्या कडेला.

"गोळ्या थांबल्यामुळे भडकलं, तर कुठे भडकेल?" तिने विचारले.

टॅम्सिनने फोड पुन्हा पाहिले. "जिथे होतं तिथेच. बहुतेक."

"आणि या जागा नव्या आहेत."

"हो, बाई." टॅम्सिनने खुर्ची पुढे ओढली. "होबर्टकाका, हातात काय धरता हल्ली? फावडं? कुऱ्हाड?"

"काहीच नाही. ही मला फुलदाणीसारखं एका जागी ठेवते. नुसतं वाजवतो थोडंसं, संध्याकाळी."

मग नेड्रा म्हणाली, "होबर्ट, व्हायोलिन धर."

"इथे कुठून आणू?"

"आहे असं समज आणि धर."

त्याने धरले. आर्डनने शिकवले तसेच धरले: हनुवटीखाली नव्हे तर छातीवर, डाव्या गळपट्टीला टेकवून, मनगट सैल सोडून वाद्याच्या मानेला चिकटवलेले. शहरात शिकलेला वादक मनगट असे कधीच टेकवणार नाही. उजवा अंगठा काल्पनिक गजावर बसला. चारही जागांचे फोड जिथे असायला हवे होते तिथे होते. टॅम्सिनने पेन खाली ठेवले. नेड्राला कुत्र्याची आंघोळ आठवली. तिने घरातला शेंडीपासून शेपटीपर्यंत प्रत्येक जीव आणि प्रत्येक मूठ धुतली होती, आणि एका वस्तूला हात लावला नव्हता, कारण त्या वस्तूला कोणी हात लावत नसे.

ते व्हायोलिन कधीच पुसले गेलेले नव्हते. तारांखाली गजाला लावायच्या राळेचा पांढरा थर चढला होता. मान, खांदे आणि खालची कड, आर्डनचे अंग जिथे जिथे घासले होते तिथे, लाकूड डांबरासारखे काळे झाले होते. होबर्टने चाळीस वर्षे त्या काळ्यावर आपला हात ठेवून वाजवले होते.

घरी स्वयंपाकघरात बसल्यावर होबर्ट म्हणाला, "त्या काळ्यात माझे बाबा आहेत."

"त्या काळ्यात घाम आहे, राळ आहे, तंबाखू आहे," नेड्रा म्हणाली, "आणि सध्या विषवेलीचं तेल."

"तेल सोडून तेच म्हटलं मी."

तिने बटाटे सोलायला घेतले.

त्याने एक उपाय करून पाहिला. सुती हातमोजे घालून वाजवले; ऐकून कुत्रा बाहेर गेला. मग त्याने व्हायोलिन पेटीत ठेवले, पेटी कपाटावर ठेवली आणि तीन दिवस कोणाशी धड बोलला नाही. काही अंशी ते गोळ्यांमुळे होते. किती अंशी, हे वेगळे काढण्याची सोय नव्हती. टॅम्सिनच्या गोळ्या चालू होत्या आणि व्हायोलिन बंद होते, त्यामुळे चारही जागा सुकू लागल्या तेव्हा श्रेय कोणाचे, हेही नेड्राला काटेकोरपणे सांगता येईना. होबर्टला मात्र त्याची गरज वाटली नाही.

गुरुवारी सकाळी ती कोंबड्यांना दाणे टाकून आली तेव्हा व्हायोलिनची पेटी जेवणाच्या टेबलावर, जुन्या वर्तमानपत्रांवर ठेवलेली होती. होबर्ट खिडकीपाशी उभा होता.

"काय काय करशील, ते आधी सांग."

तिने सांगितले. तीस मैलांवरच्या वाद्ये दुरुस्त करणाऱ्याला तिने सोमवारीच फोन केला होता. स्पिरिट वापरायचे नाही. ते वॉर्निश खाते. आधी साबणाच्या पाण्यात पिळून काढलेले, जेमतेम ओलसर फडके. मग लायटरमध्ये भरतात ते तेल, कोपऱ्यात एका ठिकाणी थेंबभर तपासून. खिडक्या उघड्या, चूल बंद. तारा नव्या. पेटीची मूठ आणि अस्तरही.

"म्हणजे सोमवारीच ठरवलं होतंस."

"विचारलं होतं. ठरवायचं तुझ्याकडे होतं."

तो बाहेर गेला नाही. तिने जाड हातमोजे घातले आणि मानेपासून सुरुवात केली. पहिले फडके तपकिरी निघाले, दुसरे काळे. सातव्या फडक्यानंतर मानेवर मेपलचे लाकूड दिसू लागले, मधासारखे, त्यात आडव्या लाटा. होबर्टने ते कधी पाहिले नव्हते. तो वाकून बघू लागला तेव्हा तिने त्याला कोपराने मागे सारले. खांदे झाले, कड झाली, गजाची मूठ झाली. मग तारांखालची राळ तेवढी उरली, आणि तो श्वास धरून उभा असल्याचे तिला न बघता समजले.

तिने बाटलीला झाकण लावले.

"तिथलं?" त्याने विचारले.

"तिथे तुझी कातडी लागत नाही."

"तेल नसेल कशावरून?"

"असेलही. पण लागत नाही."

फडकी तिने दिवसभर कुंपणावर वाळवली, कारण लायटरचे तेल शोषलेली चिंधी बंद जागी ठेवू नये. ती पिशवीत भरून कचऱ्याच्या डेपोत द्यायचा तिचा विचार होता. संध्याकाळी होबर्टने विचारले की ती मला मिळतील का. नेड्रा म्हणाली की या क्षणी या घरात त्यांच्याइतकी घातक वस्तू नाही; ते तेल सुकलेल्या चिंधीवरही वर्षानुवर्षे टिकते.

"काचेच्या बरणीत?"

"बरणी फुटते."

"जमिनीखाली?"

"कोणीतरी उकरतं."

"बाबांच्या पायथ्याशी," होबर्ट म्हणाला. "तिथे कोण उकरणार?"

तिने त्यात दोष शोधून पाहिला. सापडला नाही.

रविवारी माणसे जमली. पियनीची फुले प्रत्येक थडग्यावर ठेवली गेली. लॉनीने स्पीकर ट्रकमध्येच ठेवला होता. नुसता असावा म्हणून आणला, असे त्याने दोनदा सांगितले. नेड्राने पाण्याचा डबा आणि भांड्यांचा साबण टेकडीवर वाहून आणला होता. होबर्टने सगळ्यांदेखत हात धुतले, कोपरापर्यंत.

"चर्चला निघालास की काय?" लॉनी म्हणाला.

होबर्टने व्हायोलिन छातीला लावले आणि वाजवायला सुरुवात केली. अंगठ्याच्या बेचक्यातली नवी कातडी अजून गुलाबी होती आणि हात त्या गुळगुळीत मानेवर नेहमीपेक्षा जास्त सरकत होता. तिसऱ्या कडव्याला तो चुकला. तो दर वर्षी तिथेच चुके. आवाज पूर्वीसारखा होता की नव्हता, यावर नंतर पोर्क आणि बीन्स खाताना पुष्कळ मते पडली. मोजमाप कोणी केलेले नसल्यामुळे नेड्राने आपले मत दिले नाही.

सगळे उतरून गेल्यावर होबर्टने आर्डनच्या पायथ्याशी दीड फूट खड्डा खणला. नेड्राने पिशवीतून झाकण घट्ट पिळलेली बरणी काढली. शाळेतल्या बाटल्यांना लावायची तशी तिने तिला चिठ्ठी लावली होती. अक्षर पेन्सिलीचे होते, कारण शाई ओलीत उडते. होबर्टने चष्मा लावून ती वाचली, पुन्हा एकदा वाचली, आणि मग बरणी खड्ड्यात उभी ठेवली.

चिठ्ठीवर लिहिले होते: कटलिप, आर्डन. घाम, राळ, तंबाखू. वेलीचे तेल अंशतः. उघडू नये.