वीज आमची भाडेकरू

तळवलीच्या नामाआजाने आयुष्यात साधी गोष्ट कधी सांगितली नाही. त्याच्या शेतातला तांदूळ म्हणे असा वासाचा होता, की चुलीवर भात शिजायला लागला की खाडीपलीकडच्या मुलुंडकरांना भूक लागायची! शेत कधीच गेलं. तिथे आता विजेचा उंच मनोरा उभा आहे आणि नामाच्या तीनमजली घरात भाडेकरू राहतात. तरी दर रविवारी तो नऊ वर्षांच्या नातीला, भाविकाला, घेऊन मनोऱ्यापाशी जायचा आणि छाती फुगवून सांगायचा,

"बाय, ही वीज आपली भाडेकरू हाय. मालकाला बघितला का गपचूप मान खाली घालते!"

भाविका खिदळायची. नामाही हसायचा. मग मनोऱ्याच्या पायाशी वाढलेल्या गवताकडे कितीतरी वेळ बघत राहायचा.

मंडळी, आपण सगळेच मुलांना थापा मारतो. मूल हसलं की आपण खूश. त्यातलं काय ते खरं धरून बसलंय, हे कोण विचारतं?

एका संध्याकाळी गल्लीत भाविका मैत्रिणीबरोबर, अक्षताबरोबर, बॅडमिंटन खेळत होती. शटल उडालं ते थेट कोपऱ्यावरच्या डीपीत, गल्लीभर वीज वाटणाऱ्या लोखंडी पेटीत. तिचं दार कधीपासून लोंबकळत होतं.

"नको गं, शॉक लागंल!" अक्षता मागे सरकली.

"आमाला नाय लागत. आमची भाडेकरू हाय ती!"

घामाने ओला झालेला हात भाविकाने पुढे केला.

"भाविका! हात मागं! तशीच मागं सर!"

गल्ली हादरली. भाविका दचकून मागे आली. ओरडली होती विजयमाला, नामाच्या दुसऱ्या मजल्यावरची साताऱ्याची भाडेकरू. विजेच्या लाइनवर काम करायची. ड्युटीवरून परतत होती. तिने मुलींना लांब नेलं, डीपीपुढे स्वतः उभी राहिली आणि दुरुस्तीवाल्यांना फोन लावला.

नामा ओट्यावर बसला होता. त्याने आधी नातीचं उत्तर ऐकलं, मग ती हाक. तो धडपडत उठून डीपीपाशी आला.

"काका, हे खूळ तुम्ही घातलंय तिच्या डोक्यात?"

"थाप होती गो ती..."

"तुमची खरी भाडेकरू मी. मी तरी कधी मान खाली घातलीय का तुमच्यापुढं?" विजयमाला डीपीपुढून न हलता म्हणाली. "पंधरा वर्षं लाइनवर काम करतेय, तरी वीज मला ओळखत नाही. लाइन बंद करायची, बंद झालीय का तपासायची, हातमोजे घालायचे, मगच हात लावायचा. तिला मालक कळत नाही की लेकरू कळत नाही! आता खरं काय ते तुम्हीच सांगा पोरीला."

त्या रविवारी नामा मनोऱ्याजवळ न जाता रस्त्याच्या अलीकडेच थांबला.

"मंग ती आपली भाडेकरू नाय?" भाविकाने विचारलं.

"नाय बाय. ती कोनाचीच नाय." नामा मनोऱ्याकडे बघत राहिला. "शेत आपला व्हता. तुजी आजी, गोजरा, थयं भाताची आवनी करायची, चिखलात गुडघ्यापर्यंत. भाडेकरू बोललो का वाटायचा, शेत अजून आपलाच हाय. गोजरा आता बांधावरून हाक मारंल."

भाविकाने त्याचा हात धरला. "मंग आजीचीच गोष्ट सांग ना. ती विजेसारखी चावत नाय."

नामाचे डोळे भरून आले!

आता संध्याकाळी ओट्यावर गल्लीतली पोरं जमतात. ओल्या हाताने बटणाला शिवायचं नाही, सॉकेटमध्ये काही खुपसायचं नाही, डीपीत गेलेलं शटल गेलंच समजायचं, कुणाला शॉक बसला तर त्याला धरायचं नाही, ओरडून मोठ्यांना बोलवायचं. नामा हे विजयमालासमोर, एकही शब्द न वाढवता सांगतो. मग गोजराच्या गोष्टी सुरू होतात.

मंडळी, हरवलेल्या शेताची आणि माणसांची गोष्ट हवी तेवढी रंगवा, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण मूल जिथे हात घालणार आहे, तिथलं मात्र त्याला खरंच सांगा.

आणि हो, गोजराच्या हातच्या भाताचा वास हल्ली मुलुंडच काय, पार कल्याणलाही पोचलाय!