सुईच्या टोकाशी दोन दिवस

मित्रांनो, अशी कल्पना करा, की तुम्ही लहान लहान होत गेलात आणि रक्ताचा एक थेंब तुम्हाला तळ्याएवढा दिसू लागला. त्या तळ्यातून एक पांढरी पेशी गडगडत चालली आहे. तिच्या अंगावर हुकासारखे हजारो चिमुकले आकडे आहेत. त्यांतला एक मी.

‘मी एक जुना अमुक आहे,’ अशी आत्मकथेची सुरुवात करायची रीत आहे खरी. पण माझं सगळं आयुष्यच मोजक्या दिवसांचं. आमच्यात चार दिवस काढले की तो म्हातारा! मी एक प्रथिन आहे. शास्त्रज्ञ मला ग्राही म्हणतात, म्हणजे धरणारा. नऊ वर्षांच्या एका मुलीच्या कमरेच्या हाडात माझा जन्म झाला.

माझं काम ऐका. रक्तात ‘पूरक’ नावाची प्रथिनं फिरत असतात. जंतू आत घुसला, की ती खुणेसारखी त्याच्या पाठीला चिकटतात. मला डोळे नाहीत. मी ती खूण चाचपतो, घट्ट धरतो आणि माझी पेशी जंतूला गिळून टाकते. खूण नसेल, तर हात लावायचा नाही. चोराला सोडलं तर पंचाईत, आणि चोर समजून घरच्यालाच धरलं तर त्याहून मोठी. म्हणून माझा जीव सदा टांगणीला.

मुलीची आई एका कारखान्यात तान्ह्या बाळांची झबली शिवायची. शाळेला सुट्टी असल्यामुळे मुलगीही तिच्याबरोबर जायची. तिथे एक कडक शिस्त होती. मशीनची सुई मोडली, की तिचे सगळे तुकडे शोधायचे आणि कागदावर जुळवून चिकटवायचे. सुई पुरी जुळेपर्यंत एकही झबलं बाहेर जात नसे. चुकून एखादा तुकडा शिवणीत राहिला आणि बाळाला टोचला तर?

आई जेवायला गेली होती, तेव्हा मुलगी गुपचूप मशीनवर बसली. पाय जरा जोरात पडला. सुई बोटात घुसली आणि कट्‌कन मोडली. मुलीने बोटाला चिंधी गुंडाळली आणि मूठ खिशात घातली.

“अगं, किती वेळा सांगितलं, मशीनला हात लावू नको म्हणून!” आई आल्या आल्या ओरडली. “बोटाला नाही ना लागलं?”

“नाही.”

मित्रांनो, मला कान नाहीत. मग हे मला कसं कळलं? गोष्ट सांगणाऱ्याला एवढी सूट द्या.

ती ‘नाही’ म्हणाली, तेव्हा बोटातून आम्हाला हाका सुरू झाल्या होत्या. एरवी मी पेशीच्या अंगावर कंबर वाकवून बसतो. हाक येताच ताठ झालो. रक्तवाहिनीची भिंत पकडली, तशी माझी पेशी फटीतून अंग चोरून पलीकडे उतरली. जंतूंच्या पाठीवर खुणा होत्याच. एक धरला, दुसरा धरला. आणि मग काहीतरी आडवं आलं. कठीण, गुळगुळीत, डोंगराएवढं. सुईचं टोक! ते कसं गिळायचं? मुंगीने हत्ती गिळावा तसंच की ते! त्याच्या आडोशाला जंतू वाढत राहिले. आम्ही जितके जास्त जमलो, तितकं बोट सुजलं, कारण लढताना आमच्याकडून सांडणारा रस आपल्याच मांसालाही पोळतो. मला ते कळत होतं, पण थांबणं माझ्या हातात नव्हतं.

दुसरा दिवस उजाडला, तरी टोक सापडलं नव्हतं. बाहेर कारखान्यात टोक शोधायला चुंबक फरशीवरून, टेबलांवरून फिरत होता. तो मुलीच्या खिशाजवळ आला, तशी ती दोन पावलं मागे सरली.

“टोक म्हणजे काय पाखरू आहे, भुर्रकन उडून जायला?” बटणं लावणाऱ्या मावशी म्हणाल्या.

देखरेखीच्या बाईंना हसू आलं नाही. “झबल्यातच असणार. तान्हं बाळ काय सांगणार, कुठे टोचतंय ते? नुसतं रडेल बिचारं.”

“माझ्या मशीनवर झालंय,” आई हळूच म्हणाली. “कालची सगळी मीच उसवते.”

ती एकेक शिवण उसवू लागली. मुलगी शेजारी बसून बघत होती. तिच्या अंगात कणकण होती. बोटाचा ठणका आता मनगटापर्यंत चढला होता. माझ्या आजूबाजूच्या पेशी मरून त्यांचा पिवळा पू झाला होता. माझी पेशीही थकली होती.

मित्रांनो, मी धरू शकतो, पण सांगू शकत नाही. सूज, लाली आणि ठणका, एवढीच आमची भाषा. ती ऐकून तोंडाने बोलायचं काम तुमचं आहे. रागावतील म्हणून जखम लपवू नका. राग उतरतो हो. लपवलेली जखम मात्र आत आत पसरत जाते.

मी आणखी एक जंतू धरला. कदाचित तो माझा शेवटचा असेल. बोल गं, बोल, असं मला किती वाटत होतं!

आईने पुढचं झबलं मांडीवर घेतलं आणि कात्री उचलली. तेव्हा मुलीने खिशातून मूठ बाहेर काढली, चिंधी सोडली आणि ते लालबुंद बोट आईच्या कात्रीसमोर धरलं.

“आई, नको उसवू. टोक इथे आहे.”