मागावर रडायचं नाही

मी एक जुना हातमाग आहे. हसू नका मित्रांनो, मलाही बोलता येतं. आयुष्यभर बोलतच तर आलोय, ठक-ठक, ठक-ठक! आंधळगावच्या सुताराने मला सागवानात घडवलं आणि मधुकररावांच्या घरात, विणकराने पाय सोडायच्या खड्ड्यावर बसवलं. माझ्यावर विणलेली कोशाची, म्हणजे टसर रेशमाची साडी नागपूरच्या प्रदर्शनात लागली, तेव्हा मी काय फुगलो होतो म्हणून सांगू!

मधुकररावांचा एक गुडघा अधू होता. खालची पावडी दाबताना तो दुखायचा. म्हणून धागे ठोकणाऱ्या फणीचे दोन ठोके, मग जरा थांबणं, पुन्हा दोन ठोके. अख्खी गल्ली त्यांना आवाजावरून ओळखायची.

यंदा दिवाळीनंतर ते अचानक गेले. साडी अर्धीच राहिली. या घरची रीत अशी की अर्धा ताणा घरच्याच माणसाने पुरा करायचा, नाहीतर माग मोडून सरपणात घालायचा. म्हणून त्यांची दहावीतली मुलगी हर्षा माझ्यावर बसली. पहिल्याच दिवशी तिने फणी अशी आपटली की धागे तटातट तुटले. तिचे डोळे भरून आले.

तिची आई, शोभाताई, शांतपणे म्हणाली, "मागावर रडाचं नाही, बेटा. कोशाले डाग पडते. रडाचं असन तं खाली उतर, मनभर रड, तोंड धू, मंग ये."

हर्षा उतरायची, ओसरीत रडायची, तोंड धुऊन परत यायची. हळूहळू तिचा हात सारखा पडू लागला. पण दर दोन ठोक्यांनंतर पाय आपोआप थांबायचा. ती थांबवत नव्हती. मीही नाही.

शेजारचा धनीराम दारातूनच म्हणाला, "वहिनी, हे ठोके कोनाचे ऐकू येऊन राहिले?"

"पोरीचे, भाऊजी."

"पोरीचा गुडघा कवापासून दुखून राहिला?"



साडी वीतभर उरली होती. त्या संध्याकाळी हर्षा रडायला उतरली. माझ्यावर कुणीच नव्हतं. तरी बसायची फळी दबली. ओझं ओळखीचं होतं. ठक-ठक. थांबणं. आणि कापडावर पाण्याचा एक थेंब पडला.

हर्षा परत आली. तिने थेंब पाहिला, वर कौलांकडे पाहिलं. कौलं कोरडी होती. मग ती अगदी आईसारखी म्हणाली, "बाबा, रडाचं असन तं खाली उतरा. मंग या."

फळी हलकी झाली. हर्षा बसली आणि न थांबता साडी पुरी केली.

मित्रांनो, रडू आलं तर जरूर रडा, पण आपल्या जागेवर परत या. आणि आम्हा जुन्यांना लगेच चुलीत घालू नका. आमच्यावर कुणाचं तरी बसणं अजून बाकी असतं.

आता माझ्यावर हर्षाचा नवा ताणा आहे. ठोके तिचेच. फक्त दिवेलागणीला, ती माझ्यावर बसलेली असताना, ओसरीत कुणीतरी तोंड धुतं.