लोकरीच्या खोळीतला लाल दिवा

मित्रांनो, मला बघायचं तर डोळे अगदी जवळ आणावे लागतील. अंगठ्याएवढी निळी पट्टी, तिच्यावर किड्यासारखी दिसणारी एक काळी चिप, एका टोकाला वायर खुपसायची खाच आणि दोन बारीक दिवे. बॅटरी भरत असली की लाल दिवा, भरली की निळा. मी चार्जिंग बोर्ड आहे. आता जुना झालोय, कडाही काळवंडल्या आहेत. तरी अजून कुणी वायर जोडली की मी आधी शेजारच्या बॅटरीकडे बघतो. का, ते सांगतो.

एका मोठ्या तक्त्यावर आम्ही शेकडो भावंडं एकदम जन्मलो. मग चॉकलेटच्या वड्या मोडाव्यात तसं आम्हाला मोडून वेगळं केलं. आम्ही स्वस्तातला माल. बॅटरी तापली की करंट थांबवायची सोय माझ्या चिपमध्ये आहे, पण तिची वाट कारखान्यातच बंद करून टाकतात. शेजारची बॅटरी कितीही तापली तरी मला हात आखडता घेता येत नाही. आणखी एक. माझ्या पाठीवर तिळाएवढा रेझिस्टर आहे. किती करंट सोडायचा ते तो ठरवतो. कारखान्यात तो बसवतात मोठ्या बॅटरीच्या हिशेबाने. छोटी बॅटरी जोडायची असेल तर आधी तो बदलावा लागतो.

मला विकत घेतलं एका घड्याळजीने. केस पिकलेले, पण त्याची थोरली बहीण त्याला अजून बाळ्या म्हणायची. तिला सगळे अक्का म्हणत. अक्का पडली होती आणि खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली होती. पुढच्या खोलीत घड्याळांचं दुकान, मागच्या खोलीत अक्काची खाट. तिने हाक मारली की ती घड्याळांच्या टिकटिकीत विरून जायची. म्हणून बाळ्याने गजराच्या जुन्या घड्याळातली घंटी काढून दुकानात लावली आणि तिचं बटण अक्काच्या उशाशी दिलं. घंटीसाठी बॅटरी हवी, बॅटरी भरायला मी हवा. मला त्याने एका साबणाच्या डबीत बसवून अक्काच्या उशाशी ठेवलं. शेजारी जुन्या हेडफोनमधली बॅटरी, चपटी, चंदेरी, बिचारी इवलीशी.

इथेच घोळ झाला. घड्याळजीला सवय बटणाएवढ्या सेलची. खाचेत बसला आणि मीटरवर काटा बरोबर आला की सेल चांगला. त्याने मीटर लावला, काटा बघितला आणि म्हणाला, ठणठणीत आहे. बॅटरी केवढी आहे, तिला किती करंट सोसेल, हे तिच्या पोटावर बारीक अक्षरात लिहिलं होतं. भिंगातून घड्याळाची चाकं बघणाऱ्या माणसाने ते वाचलंच नाही. पाठीवरचा रेझिस्टर तसाच राहिला.

पहिल्याच दिवशी लाल दिवा लागला आणि मी हादरलो. माझ्यातून लोंढा निघत होता आणि समोर वाटीएवढं भांडं. बॅटरी कण्हत होती. तिचं अंग तापत होतं, माझंही.

अक्काचा एक नेम होता. जेवण झालं की दिवेलागणीपर्यंत मौन. तेवढा वेळ हातात लोकर आणि मनात देवाचं नाव. मौनात ती हाक मारत नसे, घंटीही वाजवत नसे. मग बॅटरी भरायला हीच वेळ बरी, असं बाळ्याने ठरवलं. रोज दुपारी तो घंटीची तार सोडवायचा, माझी वायर जोडायचा आणि दुकानात जाऊन बसायचा.

अक्काच्या घरात काही उघडं राहत नसे. रेडिओला खोळ, चष्म्याला खोळ, पाण्याच्या बाटलीलाही खोळ. बाळ्या म्हणायचा, फार वेळ एका जागी बसायची सोय नाही, अक्का मलाही खोळ घालील. तिने माझ्या डबीलाही एक विणली. जाड, घट्ट, उबदार. धूळ बसायला नको, इतकंच तिच्या मनात. मित्रांनो, मायेने घातलेल्या त्या खोळीत माझा जीव गुदमरला. लाल दिवा, माझी एकच बोली, तोही आत कोंडला गेला.

 चंदेरी बॅटरीचं पोट दिवसेंदिवस फुगत होतं. ती फाटली तर? हाताच्या अंतरावर अक्काचं डोकं, कापसाची उशी, मांडीवर लोकरीचे गुंडे. तिला कूसही बदलता येत नव्हती. घंटीची तारही सोडवलेली. मी मनातल्या मनात देवाला विनवत राहिलो, आणि पाठीवरचा तीळ लोंढा सोडत राहिला.

एका दुपारी पोट इतकं फुगलं की डबीचं झाकण वर उचललं गेलं. गोडसर, उग्र वास सुटला. खोळीची वीण ताणली गेली आणि टाक्यांच्या फटीतून माझा लाल दिवा बाहेर दिसू लागला.

अक्काच्या सुया थांबल्या. तिने खोळीकडे टक लावून बघितलं. हात पुढे केला, ऊब लागली तसा मागे घेतला. भिंतीवरचं विजेचं बटण खाटेमागे, तिच्या हातापलीकडे. तिचे ओठ हलले, मिटले. मग ती बोलली.

"बाळ्या."

नेमकी त्याच वेळी दुकानातली सगळी घड्याळं टोले द्यायला लागली. कुणी आलं नाही. आत काहीतरी तडतडलं. टोले संपेपर्यंत अक्का डोळे मिटून होती. मग छातीत होता नव्हता तेवढा श्वास घेऊन तिने पुन्हा हाक मारली.

बाळ्या हसतच आला. "अक्का, आज नेम मोडलास?"

"माझी वीण कधी एवढी सैल पडत नाही. ती डबी बघ. हात नको लावूस, आधी बटण बंद कर."

त्याचं हसू जागच्या जागी विरलं. त्याने बटण बंद केलं, वायर उपटली, चुलीजवळची सांडशी आणून डबी उचलली आणि हात लांब धरून अंगणात धावला. वाळूच्या ढिगावर टाकताच बॅटरी फाटली. धूर आला, खोळीचा एक कोपरा जळाला. मी एका बाजूने होरपळलो, पण वाचलो.

संध्याकाळी बाळ्या अक्काच्या पायाशी येऊन बसला. ती म्हणाली, "देवाला पहिल्याच हाकेत ऐकू गेलं रे. तुलाच उशिरा गेलं."

दुसऱ्या दिवशी जिथून मला घेतलं होतं त्या दुकानातल्या बाईंना त्याने सगळं सांगितलं, आणि त्यांनी रेझिस्टरची चूक दाखवून दिली. घरी येऊन भिंग लावलं, माझ्या पाठीवरचा रेझिस्टर बदलला, नव्या बॅटरीवरची अक्षरं दोनदा वाचली. आता मी भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डबीत आहे, दुकानातल्या मेजावर, खाटेपासून दूर. वायर लागली की तो समोरून उठत नाही. जळक्या कोपऱ्याची खोळ अक्काने उसवली नाही. ती आता तिच्या चष्म्याला आहे. चष्म्याला जरा मोठी होते, पण चालतं म्हणते.

मित्रांनो, माझ्यासारखे बोर्ड स्वस्त मिळतात आणि घरी चार्जर करण्यात मजाही असते. जरूर करा, मोठ्यांना शेजारी बसवून करा. पण बॅटरीच्या पोटावरची बारीक अक्षरं वाचा. ती फुगली, तापली, वास आला तर तिच्यावर माया करत बसू नका, मोठ्यांना हाक मारा. आणि मला कशानेही गुंडाळू नका. भीती वाटली तर सांगायला माझ्याकडे एवढासा लाल दिवाच आहे. तो तुम्हाला दिसू द्या.