डबीवरचा पहारेकरी

मी एक लढवय्या आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला पाहून ते कोणाच्या लक्षात येत नाही. माझी उंची अमृतरावांच्या तर्जनीएवढी. कुऱ्हाड डाव्या हातात, ढाल उजव्या हातात. एक डोळा समोर आणि दुसरा रस्त्यापलीकडच्या पानठेल्याकडे. उत्तरेच्या थंड समुद्रात ज्यांचं नुसतं शीड दिसलं तरी किनाऱ्यावरची गावं रिकामी व्हायची, त्या व्हायकिंग लोकांपैकी मी. सध्याचा मुक्काम जैनथ, आदिलाबाद जिल्हा, अमृतरावांच्या बी-बियाण्याच्या दुकानातलं काउंटर. समुद्राची आठवण आली तर पैनगंगा जवळ आहे, असं मी मनाला समजावतो.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात, साच्यात झाला. जन्म कसला, नुसते तुकडे पडले. धड एका पुडीत, डोकं दुसऱ्या पुडीत, हात-कुऱ्हाड-ढाल तिसऱ्या पुडीत, आणि वर खोक्यावर माझं असं काही रुबाबदार चित्र की ते पाहून मलाच माझा हेवा वाटला. मला वाटलं, आपण एखाद्या काचेच्या कपाटात जाणार, पिवळ्या दिव्याखाली उभे राहणार. गेलो कुठे, तर कीटकनाशकाच्या वासात.

त्याचं कारण खर्रा.

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना. प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा, रबर लावायचं आणि दिवसभर गालात ठेवायचा. जैनथला आल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. इथली बरीच पुरुषमंडळी आभाळाकडे तोंड करून बोलतात. मला आधी वाटलं, भाविक लोक आहेत. मग कळलं, तोंडातला रस सांडू नये म्हणून हनुवटी वर ठेवावी लागते. अमृतरावांचं अर्धं आयुष्य असं आभाळाकडे बघण्यात गेलं होतं. शेवटी त्यांना तिखट सोसेना, जांभई पुरती देता येईना, तेव्हा राहीबाई, म्हणजे त्यांची बायको, त्यांना आदिलाबादच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, तोंडात उभी तीन बोटं मावायला पाहिजेत, तुमच्या दोनच मावतात. गालात आतून पांढरा डाग आहे. आज खर्रा सोडा, नाहीतर पुढच्या वेळी मी जे सांगेन ते ऐकायची तयारी ठेवा.

अमृतराव घरी येऊन नुसते बसून राहिले. जेवले नाहीत. राहीबाई स्वयंपाकघरात भांडी आपटत होती आणि भांड्यांच्या आवाजाआड रडत होती.

त्यांची एकुलती एक लेक उत्कर्षा. बासरच्या कॉलेजात शिकली, आता हैदराबादला नोकरी करते. तिनं विचार केला की खर्रा तोंडापेक्षा हातांना जास्त लागलेला आहे. घोटायची सवय जाईना, तर बोटांना दुसरं काम द्यावं. म्हणून तिनं मला मागवलं आणि फोनवर सांगितलं, "बाबा, एवढा बुवा जोडून रंगवून दाखवा. कोजागिरीले मी येतो. तोवर खर्रा नाही. मग आपण दोघं डॉक्टरकडे जाऊ."

"लेकरायचं खेळणं हाय हे," अमृतराव म्हणाले.

"खेळणं नाही, बाबा. रंगवून पाहा, मग बोला."

शेवटी त्यांनी लेकीची आण घेतली. त्या क्षणी माझं नशीब या गृहस्थांच्या गालाशी बांधलं गेलं.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. सूचनांचा कागद परक्या भाषेत, चष्मा दुकानामागच्या घरात, आणि दुकानात गिऱ्हाईक. डावा हात उजवीकडे, उजवा डावीकडे, आणि झटपट चिकटणारा गोंद! चूक कळेपर्यंत मी जन्माचा डावखुरा झालो होतो. उत्कर्षानं व्हिडिओवर पाहिलं, हसू दाबलं आणि म्हणाली, "असतेत काही लोक डावखुरे." मग तिनं समजावलं, रंगवताना मूर्तीला बोट लावायचं नाही, मुठीत धरता येईल अशा कशावर तरी तिला चिकटवायचं.

मुठीत धरता येईल असं अमृतरावांकडे एकच होतं. गोल, पत्र्याची, फिरकीच्या झाकणाची त्यांची जुनी डबी. त्यांनी मला झाकणावर उभं केलं आणि त्याच गोंदानं पक्कं केलं.

आता ऐका. डबी रिकामी नव्हती. डॉक्टरकडे जायच्या दिवशी सकाळी घेतलेला शेवटचा खर्रा तिच्यात होता. फेकवला नाही. "असू दे बिचारा सोबतीले," असं ते डबीलाच म्हणाले होते. राहीबाईला हे ठाऊक नव्हतं, उत्कर्षाला नव्हतं. ठाऊक होतं फक्त मला, आणि मी तर थेट त्याच्या डोक्यावर उभा! आमच्या लोकांनी किल्ले जिंकले असतील, पण किल्ल्याला असं चिकटवून कोणाला ठेवलं नसेल.

मग सुरू झालं रंगकाम. आधी सगळ्या अंगाला पांढरा हात. मग झग्याला निळा, पट्ट्याला तपकिरी, दाढीला तांबूस. अमृतरावांची बोटं पहिले काही दिवस अशी थरथरायची की दाढी कानापर्यंत गेली. पण घोटून घोटून अंगठ्यात जी नजाकत आली होती ती हळूहळू ब्रशात उतरली. पातळ काळा रंग झग्याच्या चुण्यांमध्ये सोडायचा, वरचा पुसून घ्यायचा, की चुणी खरी वाटते. हे जमलं तेव्हा त्यांनी दुकान उघडं टाकून राहीबाईला हाक मारली, "अवं, पाह्य ना! कपडा हलून राह्यला याचा!"

"पोळ्या करपून राह्यल्या माह्या," ती आतून म्हणाली. तरी आली, वाकून पाहून गेली.

शेजारचे सुधाकरराव रोज येत. गालात खर्रा, हनुवटी वर. त्यांची एकच तक्रार. "शिंगं काऊन नाहीत याले? चित्रात असतेत शिंगं."

"उत्कर्षा म्हणते, खऱ्या लोकायच्या टोपाले शिंगं नव्हती."

"मंग लुटारू कायचा? गावचा कोतवाल वाटते."

या माणसाशी माझं कधी जमणार नाही, असं मी त्याच दिवशी ठरवलं.

सगळ्यात शेवटी डोळे. उजवा छान बसला. डाव्याच्या वेळी समोरच्या ठेल्यावर कोणीतरी पन्नी घोटायला घेतली. तो चरचर आवाज रस्ता ओलांडून आला, अमृतरावांचा हात हलला, आणि माझं बुबुळ कोपऱ्यात जाऊन बसलं. त्यांनी ब्रश आपटला. मला उचललं. झाकण फिरवलं.

मी ओरडलो असतो, पण माझं तोंड बंद रंगवलेलं. त्यांनी मला झाकणासकट टेबलावर आडवं ठेवलं, नाक फळीला टेकवून. मला काही दिसेना. पन्नीची सळसळ ऐकू आली.  एक लांब श्वास. पुन्हा सळसळ. मग झाकण बसलं, मी सरळ झालो, आणि समोर त्यांचे डोळे भरून आलेले. खाल्ला की नाही? मला कळलं नाही. विचारणार कोणाला? त्या दिवसापासून माझी झोप उडाली. तशी मला झोपायची सोयच नाही, तरी उडाली.

एवढ्यात भुलाबाई आली.

भादव्याच्या पौर्णिमेला इकडे घराघरांत मातीची भुलाबाई आणि तिचा नवरा भुलोजी बसवतात. महिनाभर पोरी संध्याकाळी जमतात, गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखतात. म्हणजे प्रसादाचा डबा कानाशी वाजवायचा आणि आत काय आहे ते सांगायचं, ओळखेपर्यंत कोणाला दाणा मिळत नाही. राहीबाईनं जोडी आदिलाबादच्या बाजारातून आणली, आणि ऑटो खड्ड्यात आदळून भुलोजी मांडीपासून फुटला.

दुसरा आणायला वेळ नव्हता. राहीबाईनं इकडेतिकडे पाहिलं. तिची नजर माझ्यावर थांबली.

"दाढी हाय. पागोट्यासारखं डोक्यावर हाय. चालते," ती म्हणाली, आणि मला डबीसकट उचलून भुलाबाईशेजारी ठेवलं. मी तिच्या गुडघ्याला लागत होतो. कपाळाला कुंकू लागलं, गळ्यात झेंडूचा हार पडला, त्यात मी कमरेपर्यंत बुडालो. माझं लग्न झालं आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

सुधाकरराव पाहायला आले. "शिंगं पाह्यजे होती."

"नवरदेवाले नसलेलीच बरी," राहीबाई म्हणाली.

अमृतराव मात्र भुलाबाईपुढून जाताना नजर चोरायचे. बायकोनं लुटारू नाही, डबीच देव्हाऱ्याजवळ बसवली होती! दिवसा घरात राहीबाई, संध्याकाळी पोरींचा गराडा. डबी काढून घ्यायची तर भुलोजी कुठे गेला म्हणून गाव गोळा झालं असतं.

कोजागिरीला उत्कर्षा आली. आल्या आल्या बापाच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अय्या, बाबा! खरंच तुमी रंगवला?" तिनं माझ्या झग्याच्या चुण्या निरखल्या. तिरळा डोळा पाहूनही ती काही बोलली नाही. गुणाची पोर.

अंगणात दूध आटत होतं. गाणी झाली, खिरापत ओळखून झाली. तेवढ्यात सुनयना नावाच्या चळवळ्या पोरीनं मला उचललं आणि कानाशी धरून हलवलं.

खडखड, खडखड.

"भुलोजीच्या पायाखाली बी खिरापत हाय!" ती ओरडली.

सगळ्या पोरी माझ्यावर तुटून पडल्या. "फुटाणे!" "दाणे!" "खडीसाखर!" अमृतराव उठून उभे राहिले. चेहरा चुन्यासारखा पांढरा. "ठेवा ते खाली. खिरापत नाही ते."

"मंग काय हाय?" उत्कर्षानं विचारलं.

 तिनं माझ्या कमरेला धरून झाकण फिरवलं. आत काळपट पन्नी, वर रबर.

 राहीबाईच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "माह्या भुलाबाईपाशी?" ती म्हणाली. "महिनाभर मी हळदीकुंकू वाहून राह्यली, अन् तुमी खर्रा ठेवला? पोरीची आण घेतली होती ना तुमी?"  उत्कर्षानं बापाकडे पाठ फिरवली, आणि तेच मला सोसवलं नाही. मी सगळं पाहिलेला एकटा साक्षीदार, आणि तोही नेमक्या त्या वेळी पालथा पडलेला.

तेव्हा सुधाकरराव उठले. अंगणाबाहेर गेले, भिंतीपलीकडे तोंड रिकामं केलं आणि परत आले. त्यांचं साफ बोलणं त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकलं.

"द्या इकडे." त्यांनी पन्नी घेतली, चिमटीत दाबली, कानाशी हलवली. "वहिनी, खाणाऱ्याच्या घरचा खर्रा कवाच वाजत नाही. ताजा ओला असते, चूप बसते. वाजायले लागला म्हणजे त्याचे खडे झाले. महिन्यावरचा हाय हा. अन् हे रबर पाहा. आपला ठेलेवाला मारते तशी दुहेरी गाठ हाय, बारीक. एकदा सोडली की पुन्हा बसत नाही. यानं हे उघडलंच नाही." मग ते म्हणाले, "माह्याच्यानं नसतं झालं."

अमृतराव खाली बसले. "हात लावला," ते म्हणाले. "खोटं काऊन बोलू. एक दिवस काढला, नाकाशी धरला. तोंडाले नाही लावला. याच्याकडे पाह्यलं," आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "पालथा पडला होता गरीब. त्याचा एक डोळा मी आधीच बिघडवला होता. म्हटलं, आता हे बी बिघडवू का?"

उत्कर्षा जवळ आली. "आ करा."

"लोकायपुढं?"

"आ करा, बाबा."

त्यांनी आ केला आणि स्वतःची बोटं उभी धरून आत घातली. दोन बोटं गेली. तिसरं बोट शिरू पाहत होतं, अर्ध्यावर अडलं. अडीच! राहीबाईनं पातेलं खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. मी तर इतका फुललो की हार तुटून पडेल असं वाटलं. माझ्या पूर्वजांच्या नावावर बऱ्याच लढाया असतील, पण अर्ध्या बोटाची लढाई जिंकणारा मीच.

दुसऱ्या दिवशी भुलाबाई पैनगंगेत गेली. मी विधुर झालो. बापलेक डॉक्टरकडे जाऊन आले. डाग अजून आहे, पण वाढलेला नाही. तोंडाचा व्यायाम करा, दर काही महिन्यांनी दाखवत राहा, असं सांगितलंय.

आता मी काउंटरवर असतो. कापसाचं औषध घ्यायला आलेले तेलुगू शेतकरी "बोम्मा बागुंदी, सेठ," म्हणून माझं कौतुक करतात. म्हणजे बाहुला छान आहे. बाहुला म्हटल्याचं मी मनावर घेत नाही. सुधाकरराव येतात, हनुवटी वर करून शिंगांचा विषय काढतात. हल्ली मात्र जाताना एकदा डबीकडे पाहतात.

राहीबाईनं डबी फेकायला सांगितली होती. अमृतरावांनी ऐकलं नाही. "राहू दे. पहारा हाय त्यावर." रोज सकाळी दुकानाचं शटर वर केलं की ते आधी मला उचलतात, कानाशी धरतात आणि हलवतात. खडखड ऐकू आली की मला खाली ठेवून ऊदबत्ती लावतात.

तुम्ही कधी जैनथला आलात, तर माझी एवढी विनंती आहे. दुकानात या, काही घेऊ नका हवं तर, पण मला एकदा हलवून पाहा. आणि ज्या दिवशी माझ्या पायाखालून आवाज आला नाही, त्या दिवशी कृपा करून उत्कर्षाला फोन करा. माझं तोंड बंद रंगवलेलं आहे.